हिरामणचा कर

गोजरा म्हात्रे दरवर्षी दसरा झाला की शाळेत यायची, आणि दरवर्षी एकच गोष्ट विचारायची.

“गुरजी, कर भरलाय ना त्यांनी?”

मी कागद पाहून म्हणायचो, “भरलाय.”

एवढ्यावर तिचं काम संपायचं. कागद पुन्हा पाकिटात, पाकीट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डबा पदराखाली. ती थेट मिठागरावरून आलेली असायची. पायांच्या भेगांत मीठ पांढरं दिसायचं. शाळेच्या पायरीवर तिची दोन ओली पावलं उमटायची आणि वाळल्यावरही पुसट दिसत राहायची.

बोनकोड्याच्या त्या शाळेत मी १९५२ साली आलो. लोकल बोर्डाची शाळा, चौथीपर्यंत, मास्तर मी एकटाच. गावात इंग्रजी वाचणाराही मी एकटाच. त्यामुळे औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो की मुंबईच्या गिरणीतून आलेला कागद, सगळं माझ्याकडे यायचं. गोजराचा कागद मात्र या सगळ्यांहून वेगळा होता. तो होता एका बोट कंपनीच्या लाभांशाचा.

ते असं झालं होतं. गोजराचा नवरा हिरामण हा मिठाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. मालकाने सत्तेचाळीस साली धंद्याची लिमिटेड कंपनी केली आणि त्या दिवाळीला जुन्या पाच तांडेलांना बक्षिसाऐवजी कंपनीचे दहा-दहा भाग दिले. भाग म्हणजे काय ते कुणालाच नीट कळलं नाही. हिरामणला एवढंच कळलं, की आपण आता बोटीचे मालक. मग काय, गावात शिरताना तो ओरडायचा, “बाजू व्हा, मालक आला!” आणि बाया म्हणायच्या, “मालका, आदी लुंगीला ठिगळ लाव.”

हे मी ऐकलेलं. मी हिरामणला पाहिलं नाही. मी गावात आलो त्याच्या दोन महिने आधी, नारळी पौर्णिमेनंतर, तो कंपनीची नोकरी सोडून एका कच्छी व्यापाऱ्याच्या जहाजावर आफ्रिकेला गेला होता. जहाजात मंगळुरी कौलं होती. दोन वर्षं कमावून परत येईन आणि घरावर तीच कौलं घालीन, असं तो बायकोला सांगून गेला. पोर कमळी तेव्हा दोन वर्षांची होती. मोंबाशाहून त्याची दोन पत्रं आली, दुसऱ्याच्या हातची. दुसरं पत्र त्रेपन्नच्या शिमग्याला आलं. ते मीच वाचून दाखवलं. त्यानंतर काही नाही. जहाज परत आलं, पण हिरामण त्यावर नव्हता. तो मोंबाशाला उतरला होता आणि जहाज सुटायच्या दिवशी बंदरावर आला नाही, इतकंच खलाशी सांगत होते.

कंपनीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या वहीत हिरामण नामा म्हात्रे, मुक्काम बोनकोडे, दहा भाग, असं लिहिलेलं होतं. म्हणून दरवर्षी त्याच्या नावाने पाकीट यायचं. पाकिटात आठेक रुपयांची हुंडी आणि तिच्यासोबत एक छापील कागद. हुंडी हिरामणच्या नावाची. गोजराने ती कधी वटवायचा प्रयत्न केला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “त्यांचं पैसं हायेत. येतील तवा घेतील.”

छापील कागदावर तीन आकडे असत. नफ्यातला वाटा अमुक, त्यावरचा प्राप्तिकर अमुक, आणि हातात पडणारी रक्कम. खाली एक लांबलचक इंग्रजी ओळ असायची. ज्या नफ्यातून हे पैसे दिले, त्यावरचा कर कंपनीने भरला आहे किंवा ती भरील, आणि भागधारकाच्या आकारणीत तो त्यानेच भरला असं धरलं जाईल, असा तिचा अर्थ. तेव्हा कायदाच तसा होता. कंपनी म्हणजे भागधारकांची मोळी, असं सरकार समजे. मोळीने भरलेला कर ज्याच्या त्याच्या नावावर जमा व्हायचा.

पहिल्या वर्षी ही ओळ गोजराला कशी सांगावी ते मला सुचेना. मुलं व्हरांड्यात दंगा करत होती, घंटा व्हायची होती. मी ती ओळ आखूड केली. “हिरामण नामा म्हात्रे यांचा कर भरला आहे,” असं म्हणालो. ते अगदी खोटं नव्हतं. पण त्यातला ‘कंपनीने’ हा शब्द मी गाळला होता.

दोन-तीन वर्षांनी मला वाटलं, आपण हिला थोडी मदत करावी. माझा एक मित्र ठाण्याला वकिलाकडे कारकून होता. त्याच्याकडून कळलं की ज्याचं उत्पन्न थोडं, त्याने अर्ज केला तर हा कापलेला कर सरकार परत देतं. मी मोठ्या उत्साहाने गोजराला सांगितलं, “दरवर्षीचे तीन-साडेतीन रुपये परत मिळतील. मी अर्ज लिहितो, हिरामणच्या वतीने सही कुणी करायची तेवढं विचारून घेऊ.”

ती घाबरलीच. डबा तिने छातीशी धरला. “नको नको गुरजी. भरलेला कर परत नाय मागायचा. ऱ्हाऊ द्या भरलेला.”

“अगं, तुझाच फायदा आहे.”

“नको सांगितला ना!”

मी हसलो. सरकारला भिते बिचारी, असं समजलो. मुलांना शिकवताना मी नेहमी सांगायचो, की एखादा चुकीचं उत्तर देतो तेव्हा तो ते कुठून आणतो हे आधी शोधावं. गोजराच्या बाबतीत मात्र मी ते शोधलं नाही.

ते मला कळलं एकोणसाठ साली, आणि कळलं ते कमळीकडून. ती तिसरीत होती. वर्गातली सगळ्यांत हुशार पोर. एखादी गोष्ट समजली की तिचं नाक किंचित वर जायचं, आणि मग तिचा हात वर जायचा, आणि ती असा प्रश्न विचारायची की मला दुपारभर विचार करावा लागे. भरती रोज उशिरा का येते? शून्य कुणी तरी शोधलं, मग त्याच्या आधी काय लिहायचे? असले प्रश्न. अशी एक पोर वर्गात असली की मास्तरला दुसरं काही लागत नाही.

त्या दिवशी मी शेतसारा शिकवत होतो. सारा म्हणजे काय, तो कोण भरतो, कशासाठी भरतो. जयदेव नावाचा एक दांडगा मुलगा मागच्या बाकावर होता. कमळीने भरभर उत्तरं दिलेली त्याला खपली नाहीत. तो म्हणाला, “ही मोठी शानी! हिचा बा तर माशांनी खाल्ला.”

वर्ग हसला. मी छडीकडे हात नेला, पण कमळी रडली नाही. ती उठून शांतपणे म्हणाली, “माजा बा जिता हाय. दर वरसी कर भरतो. मेलेला मानूस कर भरतो काय रं?”

जयदेव बाकावर मागे सरकला. मुलांनाही ते पटलं होतं. मी आत्ताच तर शिकवलं होतं, की माणूस मेला की साऱ्याच्या पावतीवर वारसाचं नाव चढतं.

मी खडू हातात घेऊन तसाच उभा राहिलो. सात वर्षांचे दसरे माझ्या डोळ्यांपुढून गेले. गोजरा तो एकच प्रश्न का विचारते, हुंडी का वटवत नाही, परतावा का नको म्हणते, ते आता कळलं. गावातल्या बाया तिला टोमणे मारत, ते मी ऐकलेले होते. शेजारची शेवंताबाई विहिरीवर म्हणायची, “तुज्या दाल्ल्यानं तिकडं हबशीन केली असंल.” त्यावर गोजरा म्हणायची, “केली असंल तर केली. कर तर हितंच भरतो ना?” मी हे गंमत म्हणून ऐकलं होतं. सात वर्षं हातातल्या हिरव्या बांगड्या आणि कपाळावरचं कुंकू तिने माझ्या त्या एका आखूड केलेल्या ओळीवर सांभाळलं होतं.

आता काय करायचं? मी बरेच दिवस विचार केला. खरं सांगायचं तर तिच्याकडून काय काढून घेतोय? आणि नाही सांगायचं तर मुलांना रोज खरं बोला म्हणून कोणत्या तोंडाने सांगतोय? शेवटी मी काहीच केलं नाही. त्या दसऱ्याला ती आली. “भरलाय ना?” म्हणाली. मी कागदाकडे न पाहता “भरलाय” म्हणालो. ते मात्र खोटं होतं, कारण आता मला ठाऊक होतं की ती काय विचारते.

पुढच्या वर्षी, म्हणजे साठ साली, कायदा बदलला. सरकारने ठरवलं की कंपनी हा एक वेगळा माणूस आणि भागधारक हा वेगळा माणूस. कंपनीने आपल्या नफ्यावर भरलेला कर तिचा स्वतःचा. तो यापुढे कुणा भागधारकाच्या नावावर जमा व्हायचा नाही. भागधारकाचा कर त्याच्या लाभांशातून निराळा कापायचा. ही गोष्ट मोठ्या शहरातल्या मोठ्या लोकांची. बोनकोड्याच्या खाडीकाठी तिची खबर येण्याचं काही कारण नव्हतं. ती आली गोजराच्या पाकिटातून.

शाळा सुटली होती. कमळी फळा पुसत होती. इतक्यात गोजरा धावत आली. डोक्यावर मिठाच्या टोपलीची चुंबळ तशीच होती, पदराखाली डबा. पोस्टमनने पाकीट मिठागरावरच दिलेलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण सात-आठ वर्षं तोच कागद पाहून त्याचा चेहरा तिला पाठ झाला होता.

“गुरजी, ती वळ नाय.” तिने कागद माझ्यापुढे धरला. “ही बगा, हितं असायची. आकड्यांच्या खाली. लांब वळ. त्यांच्या कराची. या वरसी नाय. काय झाला त्यांना?”

मी कागद घेतला. खरंच ती ओळ नव्हती. नव्या कागदावर फक्त, लाभांशातून अमुक इतका कर कापला, एवढंच होतं. सोबत एक पिवळी चिठ्ठी.

“काही झालं नाही गोजरा. बस आधी.”

“मग वळ कुठं गेली? त्यांनी कर नाय भरला? नाय भरला म्हंजे...” ती पायरीवर बसली आणि चुंबळ काढून तिने तोंडाशी धरली.

ती रडत होती ते हिरामण याच वर्षी गेला असं समजून. मला तिला धीर द्यायचा होता. त्या क्षणी माझ्या मनात एवढंच होतं, की हिला कळलं पाहिजे की ओळ जाण्याचा आणि हिरामणचा काही संबंध नाही. आणि समजावून सांगणं एवढं एकच काम मला येतं.

“कमळे,” मी म्हटलं, “चिंचोक्यांची पिशवी आण.”

मोजणी शिकवायला मी चिंचोके ठेवत असे. मी व्हरांड्यात खाली बसलो आणि त्यांची रास केली. “ही समज मिठाची रास. बोट कंपनीचा नफा.” मग राशीभोवती मी पाच खडे ठेवले. “हे पाच तांडेल. हा आपला हिरामण.” हिरामणचा खडा मी गोल बघून घेतला होता. गोजराने डोळे पुसून त्याच्याकडे पाहिलं.

“इंग्रजांच्या वेळी मिठावर जकात होती, आठवतं? नमक खात्याचा माणूस यायचा. तो कुठून जकात घ्यायचा, वाटेकऱ्यांच्या घरी जाऊन?”

“नाय,” गोजरा म्हणाली. “राशीवरच.”

“राशीवरच.” मी राशीतून एक मूठ उचलून बाजूला केली. “तसा कर राशीवरच घेतात. मग उरलेले वाटे पाच जणांना. आतापर्यंत काय व्हायचं, की ही मूठ घेतली तरी कागदावर लिहायचे, की यात या पाचही जणांनी आपापला कर भरला. म्हणून ती ओळ. यंदा सरकार म्हणालं, असं लिहायचं नाही. मूठ राशीची ती राशीची. वाटेकऱ्याचा कर त्याच्या वाट्यातून वेगळा काढायचा.” मी प्रत्येक वाट्यातून दोन-दोन चिंचोके काढले. “म्हणून ओळ गेली. सगळ्यांच्याच कागदावरून गेली. हिरामणला काही झालं म्हणून नाही.”

गोजराचा श्वास जरा खाली बसला. “सगल्यांची गेली?”

“सगळ्यांची.”

तिने पदराने तोंड पुसलं. मला बरं वाटलं. धडा चांगला झाला की मास्तरला जे वाटतं तेच.

कमळी माझ्या शेजारी उकिडवी बसून चिंचोक्यांकडे बघत होती. तिचं नाक किंचित वर गेलं. तिने हात लांब करून हिरामणचा गोल खडा उचलला आणि आपल्या मुठीत लपवला. त्याच्यापुढचा वाटा तसाच राहिला, दोन चिंचोके कमी असलेला.

“गुरजी, हा खडा हितं नसला, तरी त्याच्या वाट्यातून कापनारच ना? रास थोडीच बगते, खडा हाय का नाय?”

“शाब्बास!” मी म्हणालो.

तो शब्द माझ्या तोंडून आपोआप गेला. तोवरच्या सगळ्या नोकरीत, मुलाने नेमका प्रश्न विचारला की तो तसाच जात आलेला होता. तो बाहेर पडल्यावर मी गोजराकडे पाहिलं.

ती खड्याच्या रिकाम्या जागेकडे पाहत होती.

“म्हंजे,” ती अगदी हळू म्हणाली, “आदीपन?”

मी राशीतले चिंचोके सारखे करू लागलो.

“आदीच्या वरसांला, तुमी वाचायचांत, कर भरला. तो कोनी भरला?”

“कंपनीने.”

“त्यांनी नाय?”

“नाही.”

कमळीने मूठ उघडली आणि खडा घाईघाईने जागेवर ठेवला. तो घरंगळला. तिने पुन्हा ठेवला. “असा असला तरी कापतात, आये,” ती म्हणाली. “हाय तरी कापतात.” तिच्या आवाजात रडू होतं. आपण काय केलं ते तिला माझ्या आधी कळलं होतं.

गोजराने पिवळ्या चिठ्ठीकडे बोट केलं. “आनि ही?”

मी वाचली. नव्या कायद्याने देशात राहणाऱ्याचा कर वेगळा आणि परदेशात राहणाऱ्याचा वेगळा, म्हणून कंपनीला माहिती हवी होती. तीन ओळी होत्या. भागधारक भारतात राहतो. भागधारक भारताबाहेर राहतो. भागधारक मयत आहे, वारसाने कळवावे. हवी ती ठेवून बाकीच्या खोडायच्या आणि नाव लिहून पाठवायचं.

गोजरा ऐकत राहिली. मग तिने विचारलं, “त्ये कुठं हायेत, ते कंपनीला बी म्हाईत नाय?”

“नाही.”

“आनि मना इचारतात?”

ती उठली. डबा तिने पायरीवरच ठेवला होता. तो कमळीने उचलला.

आठ दिवसांनी दोघी आल्या. गोजराने पिवळी चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. “तिसरी ठेवा,” ती म्हणाली. “बाकी खोडा.”

“घाई नाही गोजरा. उत्तर नाही दिलं तरी चालेल. फार तर जास्त कर कापतील.”

“आट वरसां झाली गुरजी. आता कोनाला फसवू?”

मी टाक शाईत बुडवला. पहिली ओळ खोडली. दुसरी खोडायला हात गेला आणि तिथेच थांबला. शाईचा थेंब पडला, तो मी टिपकागदाने टिपला. पुन्हा टाक बुडवला. पुन्हा नाही जमलं. कमळीने माझ्या हातातून टाक घेतला. तिने पट्टी मागितली, कारण मी मुलांना सांगत असे, की रेघ पट्टीशिवाय ओढायची नाही. ‘भारताबाहेर राहतो’ यावरून तिने सरळ रेघ ओढली. मग खाली नाव लिहिलं. हिरामण नामा म्हात्रे. काना, वेलांटी, सगळं मी गिरवून घेतल्यासारखं. गावात तिच्याइतकं सुंदर अक्षर कुणाचं नव्हतं. मी टिपकागद तिच्यापुढे सरकवला.

चिठ्ठीसोबत मी इंग्रजीत एक पत्र लिहिलं. हिरामण त्रेपन्न साली मोंबाशाहून बेपत्ता आहे, पुढचा पत्रव्यवहार शाळेच्या पत्त्यावर करावा, असं.

गोजरा यायची तेव्हा आधी बांगड्यांचा आवाज यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेसमोरच्या बांधावरून मिठागराकडे गेली, तेव्हा मला कळलंच नाही. मी मान वर केली तोवर ती बरीच पुढे गेली होती. टोपलीला धरलेले दोन्ही हात भुंडे होते.

माघात कंपनीचं उत्तर आलं. अतिशय सभ्य पत्र होतं. कळवण्यास खेद वाटतो, की मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा हुकूम असल्याशिवाय भागधारकाचं नाव वहीतून काढता येत नाही. तोपर्यंत भाग त्याच्याच नावावर राहतील. मात्र आपल्या पत्रावरून त्यांचं शेवटचं ठिकाण मोंबासा दिसतं. सबब यापुढे त्यांची नोंद भारताबाहेर राहणारे अशी केली असून, कर त्या दराने कापला जाईल.

ते पत्र मी तीनदा वाचलं. मग टेबलाच्या खणात ठेवून खणाला कुलूप लावलं. दाखला कुठून आणणार? आणि कोर्टात जाऊन गोजराने पुन्हा एकदा तेच शाबीत करायचं? शिवाय हा कागद तिला वाचून दाखवला तर ती तो कसा ऐकेल, हे आता मला माहीत होतं. पुढची पाकिटं शाळेतच येऊ लागली. मी ती न बोलता त्याच खणात टाकत गेलो. गोजरा दसऱ्याला आली नाही. पुन्हा कधीच आली नाही.

कमळी चौथी पास झाली, पहिल्या नंबराने. पण त्या दिवसानंतर तिने वर्गात हात वर केला नाही. मी मुद्दाम थांबायचो. भरती-ओहोटी पुन्हा काढायचो, फळ्यावर चुकीचं उत्तर लिहून ठेवायचो. तिचं नाक किंचित वर जायचं, मला दिसायचं. मग ती पाटीवर मान घालायची. पाचवीसाठी तिला ठाण्याला पाठवावं म्हणून मी गोजराच्या दिराला, वामनला, दोनदा भेटलो. वामन म्हणाला, “गुरजी, तिलाच शिकायचा नाय बोलते.” ते खरं होतं. तीच नको म्हणत होती. ती आईबरोबर मिठागरावर जाऊ लागली.

सहासष्ट सालच्या दसऱ्यानंतर एका दुपारी ती शाळेच्या दारात उभी राहिली. सोळा वर्षांची. पायांच्या भेगांत मीठ.

“आयेला बरा नाय,” ती म्हणाली. “डाक्टर बोलला, आता काय नाय. ती इचारते, पाकीट येता काय अजून.”

मी मुलांना पाढे म्हणायला लावून खण उघडला. सहा पाकिटं होती. यंदाचं सगळ्यांत वर.

गोजरा खाटेवर होती. घरावर अजून गवताचंच छप्पर होतं. ती इतकी बारीक झाली होती, की गोधडीखाली कुणी आहे असं वाटत नव्हतं. मला पाहून ती ओळखीचं हसली. मी पाकीट फोडलं. तिने कागदावर हात ठेवला आणि बोटाने ती जागा चाचपली, आकड्यांच्या खालची.

“वळ नाय.”

“नाही. पण वर एक आहे, नवीन.” कागद माझ्या हातात होता आणि त्यावर जे छापलं होतं तेच मी वाचलं. “हिरामण नामा म्हात्रे. राहणार भारताबाहेर.”

तिने डोळे उघडले. “कोन बोलते असा?”

“कंपनी.”

“कंपनीला कसा कलला?”

या प्रश्नाचं उत्तर मला पूर्ण ठाऊक होतं. ते कळलं होतं माझ्याच पत्रावरून, दाखला नव्हता म्हणून, कंपनीच्या वहीत तिसरा रकानाच नव्हता म्हणून. मी ते नीट समजावून सांगू शकलो असतो. चिंचोकेही लागले नसते.

“कागदावर आहे,” मी म्हणालो.

तिने बोट पुन्हा आकड्यांवर नेलं. “आनि कर?”

“भरलाय. आता पूर्वीपेक्षा जास्त भरतात.”

“जास्त?” तिच्या सुकलेल्या ओठांवर काहीतरी हललं. “मग पगार वाडला असंल.”

मी कमळीकडे पाहिलं. ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिचं नाक किंचित वर गेलेलं होतं. रेघ तिनेच ओढली होती. तीच रेघ कंपनीने पुसून टाकली आहे, हे तिला एका क्षणात कळलं होतं. तिने तोंड उघडलं. मी वाट पाहिली.

मग तिने फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, त्याचं झाकण उघडलं आणि तो आईच्या हाताशी ठेवला.